मोटारीच्या पेटीतलं सिम : रिचार्ज संपतो, ऊस वाळतो

बारामती/इंदापूर : घरात फोन किती, असं विचारलं तर माणूस आपला, बायकोचा, पोराचा, म्हाताऱ्याचा असे बोटावर मोजतो. विहिरीवरचा मोजत नाही. नदीच्या काठावर, शेततळ्यावर किंवा उजनीच्या बॅकवॉटरला स्टार्टरच्या पेटीत जे सिम बसवलेलं असतं, तोही एक फोनच आहे. त्याला नंबर आहे, त्याला रिचार्ज लागतो, त्यालाही रेंज लागते. फरक इतकाच की तो कधी बोलत नाही. आणि ज्या दिवशी बंद पडतो त्या दिवशी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन आपल्याला निघावं लागतं.

मोबाईल स्टार्टर विकत घेताना दुकानदार तो चालवायचा कसा ते दाखवतो. तो का बंद पडतो हे मात्र कुणी सांगत नाही. मग शेतकरी वायरमनला बोलावतो, वायरमन मोटार तपासतो, मोटार चांगली निघते, तरी शंभर-दोनशे जातात. प्रत्यक्षात निम्म्या वेळा दोष मोटारीत नसतो, त्या बोटाच्या नखाएवढ्या सिममध्ये असतो.

स्टार्टरला फोन कशाला जोडला

शेतीची थ्री फेज लाईट आपल्याकडं चक्राकार मिळते. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की विहीर घराशेजारी असलेल्या माणसाचं ठीक, पण इंदापूर तालुक्यात पळसदेव, भिगवण, कालठण पट्ट्यात पाईपलाईन कित्येक किलोमीटर लांब आहेत. घर एकीकडं, ऊस दुसरीकडं, मोटार धरणाच्या पाण्यात. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की मोटारही पाण्यामागं न्यावी लागते, केबल वाढवावी लागते. निरा काठच्या गावांतही मोटार नदीला आणि रान वर माळाला, हे नेहमीचंच. त्या अंधारात साप, विंचू, आता उसात बिबट्याची भीती. दारं धरायला जाणं वेगळं आणि नुसतं बटण दाबायला तीन किलोमीटर जाणं वेगळं.

यावर पहिला उपाय निघाला तो ऑटो स्विचचा. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. पण एका डीपीवरच्या सगळ्यांनी ऑटो बसवला तर लाईट येताक्षणी वीस-पंचवीस मोटारी एकदम उठतात आणि डीपीवर भार पडून फ्यूज जातो, नाहीतर डीपीच जळतो. म्हणून महावितरण दर हंगामात ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असं सांगत असतं. सांगणं बरोबर आहे, पण रात्री कोण जाणार, हा प्रश्न त्यानं सुटत नाही. मोबाईल स्टार्टर हा त्यातला मधला मार्ग. आपल्याला पाहिजे तेव्हा फोन लावायचा, मोटार सुरू करायची, पाणी झालं की बंद करायची.

ही कल्पना बाहेरून आलेली नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचं यंत्र बनवलं. साध्या बटणाच्या फोनवरून लांबची मोटार चालू-बंद करायची, आणि तिथं लाईट आहे का ते घरूनच कळायचं. २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. नंतर अनेक कंपन्या आल्या, आता तर तालुक्याच्या कुठल्याही मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात दोन-तीन प्रकारचे स्टार्टर टांगलेले दिसतात.

आतली रचना सगळ्यांची साधारण सारखीच. एक छोटा फोनचा भाग, त्यात सिम. आपण फोन लावला की तो आपला नंबर यादीत आहे का बघतो. असला तर एक रिले ओढतो, त्यावर स्टार्टरचा काँटॅक्टर बसतो, मोटार उठते. काही यंत्रं फोन उचलून कोणतं बटण दाबायचं ते सांगतात, काही नुसत्या मिस कॉलवर चालतात. एखादा फेज गेला, पाणी सुटलं, ओव्हरलोड झाला तर उलटा मेसेज किंवा फोन येतो. बाकी काही जादू नाही.

फोन काय म्हणतो ते नीट ऐका

मोटार उचलत नाही म्हटल्यावर आपण चिडून फोन कापतो. तसं न करता पलीकडची बाई काय बोलते ते शेवटपर्यंत ऐकायला पाहिजे. अर्धं निदान तिथंच होतं.

या नंबरवर इनकमिंगची सोय नाही, असं ऐकू आलं तर रिचार्ज संपला आहे. मोटार, केबल, डीपी कशाचाच दोष नाही. घरबसल्या रिचार्ज मारा.

नंबर अस्तित्वात नाही, असं आलं तर प्रकरण पुढं गेलंय. सिमच रद्द झालंय. त्यावर खाली लिहितो.

नंबर व्यस्त आहे म्हटलं तर बहुतेक वेळा विहिरीतला दुसरा भागीदार त्याच वेळी फोन लावत असतो. सामाईक विहिरीवर हे चालायचंच. एकाची पाळी संपत आलेली असते, दुसऱ्याची सुरू व्हायची असते, आणि एकजण चालू करतो तोवर दुसरा बंद करतो. याला कंपनी काही करू शकत नाही. ते बांधावर बसूनच मिटवायचं.

सगळ्यात फसवणारं वाक्य म्हणजे 'संपर्क क्षेत्राबाहेर आहे'. ते ऐकलं की आपण म्हणतो, टॉवर गेला. खरी गोष्ट अशी की फोन नीट बटण दाबून बंद केला तर तो बंद होण्याआधी टॉवरला तसं कळवतो, मग आपल्याला 'स्विच ऑफ' ऐकू येतं. पण लाईट अचानक गेली आणि पेटीतली बॅटरी मेलेली असली तर ते सिम न सांगताच गप्प होतं. टॉवरला वाटतं ते अजून तिथंच आहे. तो हाका मारत राहतो, उत्तर येत नाही, आणि आपल्याला 'संपर्क क्षेत्राबाहेर' सांगितलं जातं. काही तासांनी टॉवर त्याला यादीतून काढतो, मग 'स्विच ऑफ' सुरू होतं. म्हणजे लाईट असताना फोन लागतो आणि लाईट गेली की संपर्काबाहेर, असं रोज होत असेल तर टॉवरला शिव्या न देता पेटीतली छोटी बॅटरी बदला. ती दोन-तीन उन्हाळ्यांत संपते. पत्र्याच्या पेटीत एप्रिल-मे महिन्यात काय तापमान होत असेल ते हात लावून बघितलं तरी कळतं.

दोन्ही वेळेला, लाईट असताना नसताना, संपर्काबाहेर येत असेल तर मग रेंज बघायची. त्यातही पहिली चूक अँटेनाची असते. अँटेना पत्र्याच्या पेटीच्या आतच गुंडाळून ठेवलेली दिसते. लोखंडाच्या बंद पेटीतून लहरी जात नाहीत. अँटेनाची वायर भोक पाडून बाहेर काढायची, जमलं तर खांबावर चढवायची. बॅकवॉटरला काठ उतरून खाली गेलं की रेंज पडते, तिथं हाच एक उपाय आहे.

आणि रिंग जाते, पण मोटार उठत नाही, तेव्हा मात्र फोन निर्दोष. एक फेज नसेल, ओव्हरलोड पडला असेल, किंवा आपला नंबर यादीत नसेल. पोरानं नवीन सिम घेतलं आणि त्या नंबरवरून फोन लावत बसला, हे प्रकार मी बरेच पाहिलेत.

मध्यंतरी आणखी एक त्रास होता. सायबर फसवणुकीपासून सावध करणारी अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली धून फोन लावला की आधी वाजायची. मोटार चालू करायला रात्री फोन लावावा आणि आधी बच्चनसाहेबांचं पूर्ण ऐकावं, मग रिंग. जून २०२५ मध्ये ती बंद झाली, बरं झालं. संदेश चांगला होता, पण मोटारीला कोण फसवणार?

पावसाळ्यात सिम मरतं

सर्वांत जास्त नुकसान इथं होतं. जूनमध्ये पाऊस लागला, ओढे वाहिले, विहिरी भरल्या, की मोटारीचं काम थांबतं. कुणी त्या सिमकडं बघत नाही. रिचार्ज जुलैत संपतो. आधी आउटगोइंग बंद होतं, काही दिवसांनी इनकमिंग. मग पुढं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खोडव्याला पाणी द्यायची वेळ येते, फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही.

यामागं नियम आहे. ट्रायनं २०१३ साली ठरवून दिलं की प्रीपेड नंबरवर सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. वापर म्हणजे फोन येणं-जाणं, मेसेज, इंटरनेट असं काहीही. खात्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर मात्र न वापरल्याच्या कारणावरून नंबर बंद करता येत नाही, कंपनी त्यातून नंबर राखण्याचे पैसे कापून घेते. ही शिल्लक म्हणजे पॅक नव्हे, साधा टॉपअप. आपण सगळे पॅक मारतो, टॉपअप कुणीच ठेवत नाही, म्हणून या नियमाचा फायदा आपल्याला मिळत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर त्या सिमवर साधा टॉपअप टाकून ठेवायचा आणि महिन्या-दोन महिन्यांनी शिल्लक बघायची. यानं पाऊसभर नंबर जिवंत राहतो. हंगाम आला की पॅक मारायचा, स्टार्टर पुन्हा चालू.

बंद झालेला नंबर लगेच दुसऱ्याला देत नाहीत, निदान ९० दिवस थांबावं लागतं. त्यानंतर तो नांदेडच्या नाहीतर सावंतवाडीच्या कुणालाही जाऊ शकतो. मग इकडून आपण पहाटे चार वाजता मोटार चालू करायला फोन लावतो आणि तिकडं कुणीतरी झोपेतून उठून हॅलो म्हणतो. त्याचं काही चुकत नाही.

नवीन सिम घ्यावं लागलं तर नुसतं सिम बदलून भागत नाही. काही यंत्रांत नंबरांची यादी सिमवरच साठवलेली असते, काहींत यंत्रात. सिमवर असेल तर सगळ्यांचे नंबर पुन्हा घालावे लागतात. आणि घालताना एक काम करा : वाटणी होऊन बाजूला झालेले, जमीन विकून गेलेले, दोन वर्षांपूर्वीचा वाटेकरी, असे जुने नंबर काढून टाका. भांडणं नंतर होतात, पण यादीतला नंबर मोटार विसरत नाही.

सिम कुणाच्या नावावर आहे हेही याच वेळी कळतं. पूर्वी दुकानदार सिम फुकट वाटायचे, कुणाच्या कागदावर काढलं हे कुणी विचारलं नाही. आता ते हरवलं किंवा जळालं तर त्याच नंबरचं सिम ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळतं. वडिलांच्या नावावर असेल आणि वडील वारले असतील तर तो आधी वारसाच्या नावावर करून घ्यावा लागतो. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम ठेवता येतात. आपल्या नावावर किती आहेत हे केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं, २०२३ पासून ही सोय आहे. स्वतःचा नंबर आणि ओटीपी टाकून एकदा बघाच. मोटारीचं सिम त्या यादीत दिसत नसेल तर ते दुसऱ्याच कुणाच्या नावावर आहे.

एका मिनिटाच्या कामाला महिन्याचा पॅक

एक काळ असा होता की लाईफटाईम सिम घेतलं की इनकमिंग कायमचं फुकट. मिस कॉलवरच्या स्टार्टरला ते अगदी योग्य होतं. २०१८ च्या शेवटी कंपन्यांनी इनकमिंग चालू ठेवायलाही दर २८ दिवसांनी किमान ३५ रुपयांचा रिचार्ज लागू केला. त्यानंतर ती किमान रक्कम वाढतच गेली. जुलै २०२४ च्या दरवाढीत एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाचा १७९ चा पॅक १९९ झाला. सहा वर्षांत ३५ चे १९९. याच काळात उसाची एफआरपी २०१८-१९ च्या हंगामात टनाला २,७५० होती, ती २०२४-२५ ला ३,४०० झाली, तीही उताऱ्याचा पाया १० वरून सव्वादहा टक्के करून. हिशोब ज्यानं त्यानं करावा.

२८ दिवसांची गंमत वेगळीच. महिना समजून आपण मारतो, पण वर्षात १३ वेळा मारावा लागतो. १९९ च्या दरानं २,५८७ रुपये. त्यात मिळणारं इंटरनेट मोटार वापरत नाही आणि अमर्याद बोलणंही तिला नको. महिनाभराचं तिचं बोलणं सगळं धरून काही मिनिटं.

इथं एक बदल झाला आहे, तो गावात फारसा पोहोचलेला नाही. देशात सुमारे १५ कोटी लोक अजून साधे फोन वापरतात, त्यांना इंटरनेटचे पैसे का लावता, असं म्हणत ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त बोलणं आणि मेसेज असलेला पॅक ठेवणं बंधनकारक केलं. पॅकची मुदतही ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. त्याप्रमाणे जानेवारी २०२५ मध्ये पॅक आले. एअरटेलचा वर्षाचा १,८४९ रुपयांना आणि ८४ दिवसांचा ४६९ ला, जिओचा ३३६ दिवसांचा १,७४८ ला आणि ८४ दिवसांचा ४४८ ला होता. दर पुढं-मागं होतात, म्हणून रिचार्ज मारताना दुकानात 'विदाऊट डेटा, लांब मुदतीचा' असं स्पष्ट विचारा. ॲपवर हे पॅक खाली कुठंतरी असतात, वर नेहमी महागडे. ज्याची मोटार बारा महिने चालते त्यानं वर्षाचा घ्यावा, एकदाच विसरायचं काम. ज्याची नोव्हेंबर ते मे एवढीच चालते त्याला ८४ दिवसांचे अडीच-तीन पॅक आणि पावसाळ्यात टॉपअप परवडतो. कॅनॉलचं आवर्तन किंवा उन्हाळी पाळी कधी येणार हे धरून मुदत बघा, नाहीतर ऐन मे महिन्यात संपते.

खरं तर यंत्रांसाठी वेगळं सिम सरकारनं आधीच ठरवलेलं आहे. १ जुलै २०१८ पासून यंत्रांच्या सिमला १३ आकडी नंबर द्यायचा निर्णय झाला. तेव्हा आपल्या सगळ्यांचे मोबाईल नंबर १३ आकडी होणार अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरली होती, ती याच बातमीवरून. पण हे सिम कंपन्यांना घाऊक मिळतं, पैसे घेण्याची मशीन, मीटर, गाड्यांचे ट्रॅकर यासाठी. एकट्या शेतकऱ्यानं दुकानात जाऊन एका मोटारीसाठी मागितलं तर मिळत नाही. म्हणून आपली मोटार सरकारी कागदावर माणूसच आहे.

बारामतीत कृषी विज्ञान केंद्राच्या रानात एआयवर उसाची शेती चालते, जमिनीतले सेन्सर आणि उपग्रह मिळून पाणी कधी द्यायचं ते सांगतात. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी २०२५ च्या सुरुवातीला या कामाचा उल्लेख केला, तेव्हा आपल्याकडं कौतुकाच्या पोस्ट फिरल्या. कौतुक झालंच पाहिजे. पण आज पाणी द्या, असा मेसेज आला तरी पाणी द्यायला शेवटी मोटार सुरू व्हावी लागते, आणि ती त्या २८ दिवसांच्या पॅकवर अडलेली असते.

कोणतं सिम, कोणतं यंत्र

जुने आणि स्वस्त स्टार्टर टूजीवर चालतात. जिओकडं टूजी नाहीच, २०१६ पासून ते थेट फोरजीवर आहेत. म्हणून जिओचं सिम अशा पेटीत घातलं तर ते कधीच लागणार नाही, यंत्र खराब नसतं. थ्रीजी बंद होत गेलं, पण टूजी एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियानं ठेवलं, कारण साधा फोन वापरणारे अजून खूप आहेत. किती वर्षं ठेवतील हा प्रश्न आहे. टूजी-थ्रीजी बंद करण्याचं धोरण आणावं, असं जिओनं २०२४ मध्ये ट्रायला सुचवलं होतं. नवीन स्टार्टर घेणाऱ्यानं थोडे पैसे जास्त गेले तरी फोरजीवर चालणाराच घ्यावा. पैसे देण्याआधी गावात कोणाची रेंज आहे हे बघून भागत नाही. ते सिम आपल्या फोनात घालून विहिरीपाशी उभं राहून बघायचं.

मेसेजवर चालणाऱ्या यंत्राची आणखी एक खोड आहे. सिमवर मोजकेच मेसेज मावतात. कंपनीचे ऑफरचे मेसेज येऊन येऊन जागा भरते, मग आपला मेसेज आत जात नाही. सिम काढून बटणाच्या फोनात घाला, सगळे मेसेज पुसा, आणि त्याच फोनवरून १९०९ ला फोन करून जाहिराती बंद करून घ्या. सगळ्यांच्या फोनला उत्तर देणाऱ्या सेटिंगवर यंत्र असेल तर ते आधी बदला. नाहीतर कर्ज पाहिजे का विचारणाऱ्या फोननं मोटार सुरू व्हायची.

विहिरीत उतरण्याआधी

मोटार बंद आहे म्हणून कुणीतरी फूटव्हॉल्व्ह साफ करायला पाण्यात उतरतो, किंवा केबलचा जोड सोडतो. घरी भावाला हे माहीत नसतं. लाईट आलेली दिसते, तो फोन लावतो. साध्या स्टार्टरला बटण दाबायला माणूस मोटारीपाशीच असायचा, त्याला समोर दिसायचं. फोनवाल्या स्टार्टरला ते दिसत नाही. म्हणून मोटारीला, केबलला, पेटीला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडायचा आणि किटकॅटचे तिन्ही फ्यूज काढून खिशात घालायचे. खिशात. पेटीवर ठेवले तर दुसरा कुणीतरी येऊन बसवतो. भागीदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'मी विहिरीवर आहे' एवढं टाकायला वेळ लागत नाही, पण ग्रुपवर टाकलंय म्हणून फ्यूज न काढणं चालणार नाही. पोरांच्या हातात तो नंबर खेळायला देऊ नका.

रिचार्ज मारूनही इनकमिंग चालू झालं नाही तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या नंबरवरून १९८ ला फोन करून तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. हा फोन फुकट असतो. एवढ्यानं नाही भागलं तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं, त्याला तक्रारीचा तो नंबर लागतोच. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार घेत नाही, तिकडं अर्ज करून वेळ घालवू नका. कंपनीच बदलायची ठरली तर सिम चालू असतानाच बदलावी लागते : ते बटणाच्या फोनात घालून इंग्रजीत पोर्ट, जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवायचा. येणारा कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं, सोबत आधार आणि ज्याच्या नावावर सिम आहे तो माणूस. हे काम पाण्याची पाळी नसलेल्या आठवड्यात काढा, मधे काही तास सिम बंद राहतं.